बाबांचा दुभाषा

बाबा गावाहून कॅनडात, मिल्टनला आमच्याकडे राहायला आले तेव्हापासून डॉक्टरांकडे मीच त्यांचा दुभाषा. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस, इंग्रजीचा गंध नाही, पण मराठीत बोलायला लागले की थांबायचं नाव नाही. "चालताना छातीत भरून येतं, जेवण जात नाही, मग तुझ्या आईची आठवण येते..." मी डॉक्टरांना सांगायचो, "ही इज फाइन, जस्ट अ लिटल टायर्ड." मला ऑफिस गाठायचं असे. खरं म्हणजे बाकीचं मला ऐकायचंच नसे.

ऑफिसातल्या एका चिनी सहकाऱ्याने रविवारी दुपारी मला स्कारबरोला सिनेमाला नेलं. त्याच्या देशातल्या एका कादंबरीकाराने लिखाण बाजूला ठेवून, कुठल्याही कंपनीच्या मदतीशिवाय काढलेला. गाणं नाही, संगीत नाही, सगळा काळोखच. थिएटरात आम्ही दहाबारा जण. मी डुलकी काढायच्या तयारीनेच बसलो होतो.

पडद्यावर कोळशाच्या खाणीत आयुष्य गेलेला एक म्हातारा. त्याला फक्त गावची बोली येते, म्हणून शहरातल्या डॉक्टरशी त्याचा मुलगा बोलतो. म्हातारा खोकत, हातवारे करत बरंच काही सांगतो. मुलगा म्हणतो, "बरं वाटतंय म्हणतात." सबटायटल्स दोघांच्याही बोलण्याची होती, त्यामुळे मुलाने काय काय गाळलं ते आम्हाला कळत होतं. हळूहळू म्हातारा बोलायचाच थांबतो, आणि एके सकाळी बर्फातून चालत निघून जातो. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मला दोन तासांचा सिनेमा लागला. परतताना मला माझीच लाज वाटत होती.

पुढच्या वेळी दवाखान्यात मी बाबांना म्हटलं, "तुम्ही बोला. आज एकही शब्द गाळणार नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग खुर्ची डॉक्टरांकडे वळवली.

"डॉक्टरसाहेब, मला आता गावी जायचंय. जे व्हायचं ते तिथे होऊ दे. पण यानं इतक्या हौसेनं आणलंय, याला सांगायला माझी जीभ रेटत नाही. तेवढं तुम्ही सांगा."

मी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. मी सांगत असताना बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, पेन खाली ठेवलं, आणि माझ्याकडे वळून मला सांगितलं, "युअर फादर वाँट्स टू गो होम."