चुका बघायला आलेली समिती

नोकरीची बहुतेक वर्षं मी मुलांच्या चुका गोळा करण्यात घालवली. गणित शिक्षणातलं संशोधन म्हणजे नेमकं काय, असं डोंबिवलीतले शेजारी विचारत, तेव्हा मी हेच सांगत असे. "म्हणजे क्लासेस घेता ना?" असं म्हणून ते विषय संपवत.

अपूर्णांकांत मुलं कुठे आणि का घसरतात, हा तेव्हाचा माझा प्रकल्प. त्याला मुदतवाढ द्यायची की तो गुंडाळायचा, हे ठरवायला एक समिती येणार होती. तिला मी आंबिवलीतल्या एका शाळेचा पाचवीचा वर्ग दाखवायचं ठरवलं. तिथल्या चुका फार समृद्ध होत्या.

समिती आली. रांगोळी, स्वागतगीत, शाल, श्रीफळ सगळं झालं. अध्यक्षांचा परिचय इतका लांबला की तेच घड्याळ बघू लागले. अखेर मी वर्गाला विचारलं, "एक छेद चार मोठा की एक छेद पाच?"

"एक छेद चार!" सगळा वर्ग एका सुरात.

पुढच्या प्रश्नांनाही तसंच. एकही चूक नाही. दारात वर्गाच्या बाई कौतुकाने हसत होत्या. पाहुण्यांसमोर माझी, म्हणजे मॅडमची, मान खाली जायला नको, म्हणून त्यांनी आठवडाभर माझ्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं घोकून घेतली होती.

"मुलं तर हुशार आहेत," अध्यक्ष म्हणाले. "मग प्रकल्प कशासाठी?"

मी वर्गाकडे वळून विचारलं, "एक छेद चारच का मोठा?"

पुढच्या बाकावरची मुलगी दाराकडे बघून म्हणाली, "बाई, हे नव्हतं ना?"

बाई लाजल्या, मग हसल्या. "तुला वाटतं ते सांग गं."

"खरंखरं?"

"खरंखरं."

"मग एक छेद पाचच मोठा. चौघांऐवजी पाच जणांना मिळतं."

"ए, पण तुकडा बारका होतो ना!" मागून कोणीतरी ओरडलं.

"होऊ दे की! जास्त जण तर खातात!"

वर्गात रीतसर भांडण जुंपलं. अध्यक्ष शाल काढून ठेवून मुलांच्या बाकावर कसेबसे मावले आणि दोन्ही पक्षांना उलटसुलट विचारू लागले. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी उठेनात.

मुदतवाढ मिळाली. बातमी सांगायला गेले तर बाई माझ्यावरच रागावल्या. "मॅडम, चुका हव्यात हे आधी नाही का सांगायचं? पुढच्या वेळी चुकाच पाठ करून घेते."

मी घाईघाईने हात जोडले.