नायिकेची आई कुठाय?

मॅट्रिकची परीक्षा देऊन मी घरी बसले होते तेव्हाची गोष्ट. आमसुलांसाठी रातांबे फोडायला आमच्या पडवीत दुपारी आई, काकू आणि शेजारची चाची जमत. चाचीचा नवरा जहाजावर असे. तिघींचे हात लालभडक, म्हणून वाचून दाखवायचं काम माझ्याकडे.

वाचनालयातून आणलेल्या एका कादंबरीने मला अगदी वेड लावलं होतं. देखणा, तापट इनामदार एका मास्तरांच्या मुलीला बळाने उचलून आणतो, बंगल्यात कोंडतो आणि हळूहळू ती त्याच्या प्रेमात पडते. मी आवाज कापरा करून वाचत होते.

"थांब गो," काकू म्हणाली. "पोरगी इतके दिवस घरात नाही. तिची आई कुठाय?"

"आईचं काही लिहिलेलं नाही."

"नाही म्हणजे? पोर गेली नि ही भात रांधत बसली?"

चाची खुदखुदली. "आणि त्या इनामदाराची आई? घरात परक्याची लेक कोंडलेली, नि ही खुशाल जेवते?"

मी चिडले. "पण त्याचं तिच्यावर खरं प्रेम आहे!"

"असेल," आई म्हणाली. "पण तिला नाही म्हणायची सोय आहे का? नसेल, तर तिच्या हो म्हणण्याला अर्थ काय?"

पुस्तक मात्र पुरं वाचायलाच लावलं तिघींनी. नायक रडायला लागला तेव्हा काकूने त्याची अशी काही नक्कल केली, की आमची हसून मुरकुंडी वळली.

पुढे थोड्याच दिवसांत ताईला बघायला देवरूखची मंडळी आली. ताई रत्नागिरीत मुलींच्या शाळेत शिकवायची. पोहे झाल्यावर मुलाचे वडील म्हणाले, "आमच्यात सुनांनी नोकरी करायची पद्धत नाही. ऊठसूट माहेरी पाठवायचीही नाही. आधीच सांगितलेलं बरं."

बाबांनी मान डोलावली. तोच माजघराच्या दारातून आईचा आवाज आला, "मुलीला विचारू या की."

चारचौघांत आई बोललेली आम्ही कधी ऐकली नव्हती. बाबांना ठसका लागला. ताईचे कान लाल झाले, पण ती म्हणाली, "मी शिकवणं सोडणार नाही. आणि आईला भेटावंसं वाटलं तर यायला मिळालं पाहिजे."

मुलाच्या वडिलांचा चेहरा उतरला. त्यांच्या बायकोने मात्र बशी खाली ठेवली. "माझी आई आजारी होती तेव्हा मला पाठवलं नाहीत," ती नवऱ्याला म्हणाली. "हिला जाऊ दे. आता एसटी आहे."

मुलगा पायाच्या अंगठ्याकडे बघतच म्हणाला, "देवरूखला शाळा आपल्या घरासमोरच आहे."

सगळे हसले आणि लग्न ठरलं.

ताई पहिल्यांदा माहेरपणाला आली ती सासूबाईंना घेऊनच. त्या मांडवीच्या समुद्रात पाय भिजवून आल्या, काकूबरोबर पत्ते खेळल्या. "परत कधी जायचं?" आईने विचारलं.

"बघू," त्या पत्ते पिसत म्हणाल्या. "घरी सांगून आलेय, येईन तेव्हा येईन."