परत न गेलेला डोहमल्ल

दिनांक १२ मार्च २०२४, मंगळवार. या दिवशी सायंकाळी बाजारपेठेतील एका दुरुस्तीच्या दुकानात, माझ्या थोरल्या भावाच्या मालकीची नसलेली, परंतु पंचवीस वर्षे त्याच्या स्वाधीन असलेली एक ठेव दुकानदाराने कोणालाही न विचारता नष्ट केली. ही नोंद मी मुद्दाम तारखेनिशी करीत आहे. दुकानदाराच्या मते काहीच नष्ट झालेले नाही. तक्रार-निवारण कार्यालयाच्या मते जे नष्ट झाले ते ‘वस्तू’ या व्याख्येत बसत नाही. आणि माझ्या भावाच्या मते तक्रारच करायची नाही. तेव्हा लिहिण्याचे काम तेवढे माझ्याकडे उरले.

जे नष्ट झाले त्याचे नाव डोहमल्ल.

डोहमल्ल म्हणजे काय, हे सांगणे भाग आहे. कारण ज्यांनी ती खेळमालिका कधी हातात धरली नाही त्यांना हे सारे पोरखेळ वाटेल, आणि पोरखेळ म्हणून हसणाऱ्यांनीच माझा निम्मा जीव खाल्ला आहे. तळहातावर मावेल असे एक यंत्र, त्यात खोचायची काडेपेटीएवढी कुपी, आणि त्या कुपीत गवतात, गुहांत, पाण्यात राहणारे चित्रविचित्र प्राणी. ते पकडायचे, पाळायचे, वाढवायचे आणि इतरांच्या प्राण्यांशी झुंजवायचे. त्यांची मूळ नावे परदेशी होती. आम्ही आमची ठेवली होती. तळ्यात एक पिटुकला प्राणी सापडे, बटबटीत डोळ्यांचा, घाबरट, पाण्याचे बुडबुडे सोडणारा. तो डबकू. या डबकूचा पुढे डोहमल्ल होतो: कासवासारखी रुंद पाठ, पैलवानाचे दंड, पाण्यात विजेसारखा चपळ आणि जमिनीवर मात्र पोते वाहून नेत असल्यासारखा चालणारा. पण तो आपोआप होत नाही. कितीही लढवा, डबकू डबकूच राहतो. दोन यंत्रे तारेने जोडून तो दुसऱ्याच्या हवाली केला, तरच त्या दुसऱ्याच्या कुपीत पोहोचताक्षणी त्याचे रूप पालटते. शिवाय हा व्यवहार एकतर्फी होत नाही; घेणाऱ्याने बदल्यात आपला एखादा प्राणी द्यावाच लागतो. म्हणून रीत अशी पडली होती की मित्राला डबकू द्यायचा, तारण म्हणून त्याचा एखादा फडतूस प्राणी घ्यायचा, आणि रूप पालटले की ज्याचे त्याने परत घ्यायचे. कागद नाही, साक्षीदार नाही. सगळा मामला विश्वासाचा.

माझा दादा सार्वजनिक तरणतलावावर नोकरीला आहे. हुद्दा जीवरक्षकाचा, प्रत्यक्षात तो जाळीने पाण्यावरची पाने काढतो, लांब दांड्याच्या ब्रशाने फरशीवरचे शेवाळ घासतो, काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात थेंब टाकतो, त्याचा रंग बघून क्लोरीनचे प्रमाण ठरवतो, आणि उरलेला वेळ उंच खुर्चीत शिट्टी तोंडात धरून बसतो. डोळे कायमचे लालसर. अंगाचा वास कोणत्याच साबणाने जात नाही. वहिनी म्हणते, “यांच्याशी लग्न केलं आणि घरात फिनेल आणायचं बंद झालं.” आमच्या घरात शिक्षण सगळे माझ्या वाट्याला आले, आणि सुख कोणाच्याच नाही. दादाला चारचौघांत बोलता येत नाही; दारात पाहुणा आला तर हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नाही. पण तोच माणूस पाण्यात पडला की बघत राहावे. एवढा धिप्पाड देह, आणि पाण्यावर साधा तरंगही उमटत नाही. म्हणून तलावावर त्याला ‘पाणघोडा’ म्हणत.

हे नाव ठेवणारा होता उंट. तो दादाचा सहकारी, दुसऱ्या खुर्चीवरचा जीवरक्षक: ताडमाड उंच, डावखुरा, चालताना मान पुढे काढणारा. नाव ठेवण्यात फिट्टंफाट झाली होती. दादा ज्या एका माणसाशी भरभरून बोलत असे तो हा. मी तेव्हा महाविद्यालयात होते आणि दुपारी दादाचा डबा घेऊन तलावावर जात असे. दुपारी तलाव बंद. कपडे बदलण्याच्या खोलीत, ओल्या बाकावर, हे दोन जबाबदार पुरुष गुडघ्याला गुडघा लावून यंत्रात डोके घालून बसलेले असत. उंटाने आपला डबकू दादाच्या हवाली केला, त्या दिवशीचे त्यांचे बोलणे मला जसेच्या तसे आठवते.

“ए पाणघोड्या, तार हलवू नकोस.”

“तुझाच हात थरथरतोय. पोरगी सासरी चाललीय जशी.”

“पोरगाच आहे माझा. तू काय देतोयस बदल्यात?”

“गोगलगाय.”

“गोगलगाय? माझ्या हिऱ्याच्या बदल्यात गोगलगाय?”

“अरे, पाच मिनिटांचं तारण ते. हत्ती देऊ काय?”

अदलाबदल झाली. दादाच्या यंत्रावर डबकू उजळला, थरथरला, आणि डोहमल्ल होऊन उभा राहिला. उंटाने दादाच्या पाठीत धपाटा घातला. आता परत देण्याची वेळ. दादाने तार हातात धरली, आणि जन्मात कोणाकडे काही न मागणारा माझा भाऊ म्हणाला, “एक दिवस राहू दे ना माझ्याकडे. लढतो कसा ते बघतो. उद्या देतो.”

“उद्या नक्की?”

“नक्की रे.”

“बघ हं. नाहीतर तुझ्या गोगलगायीवर मीठ टाकीन.”

त्याच रात्री उंटाला जहाजावरच्या नोकरीचे बोलावणे आले. कित्येक महिन्यांपासून तो त्याचीच वाट पाहत होता. सकाळच्या गाडीने तो बंदराकडे गेला. दादा नेहमीप्रमाणे तलावावर पोहोचला तेव्हा दुसरी खुर्ची रिकामी होती.

आणि ज्यासाठी तो एक दिवस मागून घेतला, तेही साधले नाही. लहान प्राणी परक्या हाती वाढला तर ऐकतो, पण पूर्ण वाढलेल्या रूपात आलेला परक्या पालकाचा हुकूम ऐकत नाही, असा त्या खेळाचा नियम आहे. दादाने डोहमल्लाला पहिल्याच झुंजीत उतरवले, तर त्याने पाठ फिरवली आणि तो चक्क झोपला. “मालक ओळखतो बेटा,” दादा कौतुकाने म्हणाला, आणि त्यानंतर त्याने त्याला कधीही लढवले नाही. ती ठेव होती. ठेव वापरायची नसते.

यंत्र कपाटात, मऊ फडक्यात गुंडाळलेले. दादा ते अधूनमधून काढी, डोहमल्ल जागेवर आहे ना ते बघे, त्याच्या चित्राखाली ‘मूळ पालक’ म्हणून असलेले उंटाचे नाव वाची आणि पुन्हा गुंडाळून ठेवी. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटले, नवऱ्याने काहीतरी भानगड दडवली आहे. खरे कळल्यावर ती कपाळावर हात मारून मला म्हणाली, “वन्सं, माझ्या बांगड्यांकडे यांनी इतक्या मायेनं कधी बघितलं नाही हो!” मुले झाली, मोठी झाली, त्या यंत्राला हात लावायची मुभा कोणालाच नव्हती.

शोधले का नाही, असे कोणीही विचारील. मीही विचारले आहे, आणि सौम्य शब्दांत नव्हे. आरंभी उंटाच्या घरी चौकशी केली. ते कुटुंब बिऱ्हाड हलवून गेले होते. पुढे शोधण्याची साधने वाढली, पण तोवर दादाचा संकोचही वाढला होता. “इतक्या वर्षांनी काय तोंडानं जाऊ? म्हणेल, उद्या म्हणाला होतास.” ज्या गोष्टीला उशीर झाला, तिला आणखी उशीर करणे माणसाला सोपे जाते. माझ्या भावाने या एका सोप्या गोष्टीत आयुष्य काढले.

मग गेल्या मार्चच्या आरंभी तिकीटखिडकीवरचा दूरध्वनी वाजला. तिकिटे देणाऱ्या बाईंना पलीकडून कोणीतरी विचारले, “पाणघोडा आहे का?”

“हा स्विमिंग टँक आहे,” बाई फणकारल्या, “प्राण्यांची बाग नाही.”

“मग त्याला सांगा, उंट आलाय.”

दादा ओल्या अंगाने धावत आला. उंट जहाजावरून निवृत्त झाला होता आणि सतरा तारखेच्या रविवारी आमच्या गावावरून पुढे जाणार होता. दोन गाड्यांच्या मध्ये त्याला थोडा अवकाश होता. “यंत्र आहे ना रे? तार मी आणतो,” एवढेच तो बोलला. त्या संध्याकाळी दादा जेवताना आपणहून बोलत होता. वहिनी माझ्याकडे बघत राहिली.

यंत्राची तार खोचायची खाच सैल झाली होती. ऐन वेळी तार निसटायला नको, म्हणून दादाने यंत्र कुपीसकट दुकानात दिले. मंगळवारी ते आणायला मी त्याच्याबरोबर गेले होते. दुकानदार हसतमुख होता. हे मी त्याच्याविरुद्धच नोंदवते.

“खाच घट्ट केली, काका. आणि कुपीतला सेलही नवा टाकला. जुना संपतच आला होता. त्याचं काही लावलं नाही.”

दादाने यंत्र सुरू केले. पडद्यावर एकच ओळ आली: नवा खेळ सुरू करा. त्याने बंद केले, पुन्हा सुरू केले.

“यातलं जुनं कुठे गेलं?”

“सेल काढला की आतलं पुसलं जातंच हो. त्याच्यावरच टिकून असतं ते. खेळा की पुन्हा पहिल्यापासून! मजा येते.”

“विचारलं का नाही तुम्ही?” हे मी.

“ताई, चांगलंच केलं ना? कोरी करकरीत करून दिली!”

बाहेरून वीज देऊन आतले सारे जपत सेल बदलता येतो, हे मला नंतर दुसऱ्या कारागिराकडून कळले. मी दुकानदाराशी जे बोलले ते येथे लिहिण्याजोगे नाही.  दादाने मात्र यंत्र फडक्यात गुंडाळले, अगदी पूर्वीसारखेच, आणि माझ्या कोपराला धरून मला दुकानाबाहेर काढले.

“उंटाला खरं सांग,” वहिनी आणि मी चार दिवस सांगत होतो. “अहो, मित्र आहे तुमचा, सावकार नाही,” वहिनी म्हणाली. तो मान हलवी. ती मान होकाराची आहे असे आम्ही समजलो.

रविवारी उंट आला. दादाने तिकीटखिडकीवरच्या बाईंना सांगून ठेवले होते, मी रजेवर आहे म्हणा. आणि स्वतः पंपाच्या खोलीत जाऊन बसला. पुढचे मला बाईंनी सांगितले. उंट तलावाकाठच्या बाकावर बसून राहिला, अजूनही तशीच मान पुढे काढून. मांडीवर यंत्र, हातात तारेचे वेटोळे. मध्येच उठून त्याने बाईंना पडदा दाखवला: “ही त्याची गोगलगाय. सगळ्या समुद्रांवरून फिरवून आणली. आता हिच्यापुढे कोणी टिकत नाही.” गाडीची वेळ झाली तेव्हा तो खिडकीशी आला. “आला तर सांगा, डोहमल्ल काही मला परत नको होता. तो त्याच्याचसारखा आहे, त्याच्याचकडे शोभतो. मला त्याला भेटायचं होतं. आणि सांगा, मीठ टाकलं नाही.”

पंपाची खोली तेथून पंधरा-वीस पावलांवर आहे. पंप चालू होता. आत काहीही ऐकू गेले नसणार.

बाईंनी हा निरोप दिला तेव्हा दादा ब्रश हातात धरून उभा होता. “बरं,” म्हणाला, आणि घासलेलीच फरशी पुन्हा घासू लागला. तेव्हापासून तो उंच खुर्चीत बसतो, शिट्टी तोंडात असते, पण नजर पाण्यावर कमी आणि फाटकावर जास्त. तलावावरचा दूरध्वनी जुना. आलेल्या फोनचा क्रमांक त्यात दिसत नाही. उंट पुढे कोठे गेला, हे बाईंनी विचारले नाही, त्याने सांगितले नाही.

दुकानदारावरची माझी तक्रार मी मागे घेतलेली नाही. ती मी चालवीनच. पण वाचकहो, तुमच्याकडे माझी मागणी वेगळी आहे. एक ताडमाड उंच, डावखुरा, जहाजावरून निवृत्त झालेला माणूस, ज्याच्या जुन्या यंत्रात एक अजिंक्य गोगलगाय आहे आणि तिच्याखाली मूळ पालक म्हणून ‘पाणघोडा’ असे लिहिले आहे, तो तुमच्यापैकी कोणाचा शेजारी, सोयरा किंवा भाडेकरू असेल. त्याला हे वाचून दाखवा. डोहमल्ल गेला, हेही सांगा, लपवू नका. आणि त्याला आमच्या तरणतलावावर पाठवून द्या. दुपारी तलाव बंद असतो. तेव्हा पाठवा.