पाडव्यानंतर रुजू

नोव्हेंबर, दुसरा रविवार, सकाळ. ठिकाण शुक्रवार पेठेतलं आमचं घर. हजर: आई, ताई, दाजी आणि मी. गैरहजर: माझे यजमान. टॉवेलच्या कारखान्यात त्यांची पहिली पाळी होती, आणि सासूच्या विषयात ते तसेही बोलत नाहीत. विषय दोन: आईनं यापुढं कुणाकडं राहायचं, आणि गच्चीची गळती. दुसऱ्यापर्यंत आम्ही पोचलोच नाही.

ताई बार्शीला असते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, येत्या मे महिन्यात निवृत्त होईल. ती आली तीच ठरवून. चपला काढता काढता म्हणाली, "आईला मी नेते. खालची खोली रिकामीच आहे. दिवसभराला एक बाई ठेवीन. पेन्शन काय मला एकटीला खायचीय?"

मी पोहे परतायला आत गेले. पोहे परतून झालेले होते.

ताईला जुनी पेन्शन आहे. निम्मा पगार, मरेपर्यंत, वर महागाई भत्ता. मीही सरकारी नोकरीतच आहे, लिपिक. माझ्या पगारातून दरमहा कपात होते, ती बाजारात गुंतते, आणि शेवटी हातात काय पडेल हे आमच्या आस्थापनेतल्या साहेबांनाही सांगता येत नाही. फरक एका दिवाळीचा आहे.

वडील नोकरीत असतानाच गेले. त्यांच्या जागी अनुकंपा तत्त्वावर माझा आदेश निघाला, तो ऑक्टोबरअखेर, वसुबारसेच्या आदल्या दिवशी हातात पडला. मी त्याच पावली रुजू व्हायला निघाले होते. आई दारात आडवी आली. "सणाच्या तोंडावर कुटं? पाडवा हू दे. मुहूर्ताचा दिवस. जन्माची नोकरी हाय की." पाडव्याला कार्यालय बंद, पुढं भाऊबीज. ती उरकून मी रुजू झाले, सगळ्यांना पेढे वाटले. त्याच वर्षी एक नोव्हेंबरपासून रुजू होणाऱ्यांना जुनी पेन्शन बंद झाली होती. पुढं बऱ्याच वर्षांनी, ज्यांच्या भरतीची जाहिरात त्याआधी निघाली होती त्यांना ती परत मिळाली. अनुकंपाला जाहिरात कुठली?

पेन्शनच्या मोर्चाला मी जाते. एकदा ताईही आली, पाठिंबा म्हणून, डोक्यावर मोर्चाची टोपी घालून. घोषणा माझ्यापेक्षा मोठ्यानं देत होती. घामाघूम होऊन म्हणाली, "तुला मिळालीच पाहिजे." ती मनापासून म्हणाली, हे मला कळत होतं. तरी तिच्या डोक्यावरची टोपी ओढून काढावीशी वाटली.

पोहे आणून ठेवले. म्हटलं, "इतकी वर्षं आई इथं आहे. तिचं सगळं मला ठाऊक आहे."

दाजी म्हणाले, "मेव्हणीबाई, तुम्ही आईंची फाइल लई छान ठेवलीय. आता ती बार्शीला वर्ग करा."

सगळे हसले. आई सगळ्यात जास्त हसली. मला तिचा राग आला.

"तुझं काय म्हणणं आहे?" मी तिला विचारलं.

"जाते की. तिला पेन्शन हाय. तुझं तुलाच पुढं पुरायचं न्हाई, त्यात माझं आनि कशाला?"

"मला का नाही, ते माहीत आहे ना तुला?"

आई शेंगदाणे बाजूला काढत होती. दातांना सोसत नाहीत. "मुहूर्त चांगलाच व्हता," ती म्हणाली. "नोकरी टिकली का न्हाई?"

ताईनं मान खाली घातली. तिला हसू आलं होतं की वाईट वाटलं होतं, मला कळलं नाही. मला दोन्ही नको होतं. पेन्शन तिची, खालची खोली तिची, आणि आता आईही तिच्याकडं. माझी एकुलती मुलगी पुण्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. मी थकेन तेव्हा कुणाच्या खोलीबद्दल अशी बैठक बसेल?

ठरलं. पुढच्या रविवारी ताई गाडी घेऊन येणार.

तेव्हापासून कामं उरकत आणली आहेत. बँकेत आईचा हयातीचा दाखला दिला. डॉक्टरांकडून चिठ्ठी नवी करून घेतली. गुडघ्याचा पट्टा, चष्म्याची जुनी काच, कडक भाकरीचा डबा, शेंगाचटणी, सगळं एका पिशवीत भरून झालं.

एक राहिलंय. आई रक्तदाबाची गोळी तोंडात टाकते, पाणी पिते, आणि आपली पाठ वळली की गालातली गोळी काढून खिडकीबाहेर भिरकावते. समोर उभं राहून तिला काहीतरी विचारावं, उत्तर द्यायला लावावं, तेव्हाच ती गिळते. हे डॉक्टरांच्या चिठ्ठीत नाही. ठेवलेल्या बाईला कळणार नाही. ताईला तर नाहीच.

परवा तिला फोन लावला. ती म्हणाली, खोलीला रंग दिला, पिस्ता रंग, आईच्या आवडीचा. मी "छान" म्हटलं आणि ठेवून दिला. काल परत लावला. तेव्हा ती पडद्यांचं सांगत होती.

आज शनिवार. गोळीचं अजून सांगितलेलं नाही.