दुसरा सेनापती असता तर

पेन्शनीत आलेले तीन फौजी एका बाकावर बसले की किस्से साठतच जातात. आमचे तर इतके झालेत, की कोणता कुणाचा यावरूनच वाद होतो. निमगाव केतकीच्या आठवडी बाजारादिवशी आम्ही स्टँडसमोरच्या हॉटेलात चहाला जमतो. मी जळोचीचा, सिग्नलमधून रिटायर झालेलो. पळसदेवचे आबा फौजेत ट्रक चालवायचे. तिसरे निमगावचेच सुभेदार तात्या, आता डाळिंबाची बाग बघतात. विषय ठरलेला, पानिपत. दुसरा सेनापती असता तर आपण जिंकलो असतो का?

*

तात्यांचं मत पक्कं, जिंकलो असतो. एकदा त्यांनी टेबलावर कपबशांची फौज मांडली, यमुना म्हणून थोडं पाणी सांडलं. दुसऱ्या सेनापतीनं कुठून मुसंडी मारली असती ते दाखवणार, तोवर हॉटेलवाल्या काकूंनी कपबशा गोळा करून धुवायला नेल्या.

आबा शांतपणे म्हणाले, "घ्या. सेनापती बदलून बी फौज गेलीच की."

*

आबांचं म्हणणं, रसद तुटली तितंच लढाई संपली. बर्फातून रेशन पोचवलेला माणूस, रस्ता बंद पडला की काय होतं ते त्यांनी पाहिलेलं. तात्यांनी विचारलं, मग जनरल पाहिजेच कशाला?

"रस्ता कधी बंद हुईल, ते आदी कळायला."

तात्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आबांचं म्हणणं मान्य केलं. त्या आनंदात आम्ही भजी मागवली.

*

दर प्रजासत्ताक दिनाला इंदापूरच्या माजी सैनिकांशी आमची रस्सीखेच असते आणि दरवर्षी आम्ही हरतो. कॅप्टन तात्या. यंदा मी म्हणालो, तुमचंच म्हणणं खरं करून बघू, सेनापती बदलू. तात्यांना लागलं, पण त्यांनी आबांना पुढं केलं. आबांनी आठवडाभर सराव घेतला, गुडघे दुखणाऱ्यांच्या जागा बदलल्या.

हरलोच. पण जिंकलेले इंदापूरवाले धापा टाकत मैदानातच बसले. परतताना टेम्पोत सगळ्यात खूश तात्याच. म्हणाले, "पुढच्या वर्षी बी आबाच कॅप्टन."

*

तात्यांच्या मनात मात्र पानिपतापेक्षा जवळची एक लढाई होती. त्यांच्या लग्नाच्या आधीची गोष्ट. सीमेवरची एक टेकडी घ्यायची होती. चढता चढता गोळीबार वाढला आणि त्यांच्या मेजरसाहेबांनी माघारीचा हुकूम दिला. सगळी तुकडी जिवंत खाली आली, टेकडी राहिली. दुसरा साहेब असता तर मिळाली असती, असं तात्या आम्हाला कितीदा तरी बोललेत.

गेल्या हिवाळ्यात तेच साहेब साताऱ्याहून त्यांना भेटायला आले. पार थकलेले. आम्हीही होतो. बागेत खुर्च्या टाकल्या, डाळिंब सोलून दिलं. साहेबांनी दाणे नुसते हातात धरून ठेवले.

"सुभेदार, माझ्या जागी दुसरा कुणी असता तर ती टेकडी मिळाली असती. आजही मला ते सलतं."

आम्ही तात्यांकडं बघितलं. ते उठले आणि बागेत फळं तोडणाऱ्या घरच्या माणसांना हाक मारली. दोन्ही मुलगे, सुना, नातवंडं, सगळ्यांना साहेबांपुढं एका ओळीत उभं केलं. धाकटी नात सुनेच्या कडेवर होती. तात्या स्वतः ओळीच्या टोकाला सावधान उभे राहिले.

"साहेब," ते म्हणाले, "हजेरी घ्या."