राजवायू

काल संध्याकाळी आमची नववीतली मुक्ता जमिनीवर पालथी पडून वहीत वर्तुळं काढत होती. मेथी निवडता निवडता मी विचारलं, "हे काय गं?"

"सोडियम. अकरा इलेक्ट्रॉन. पहिल्या कवचात दोन, दुसऱ्यात आठ, उरला एक. शेवटच्या कवचातले ते संयुजा इलेक्ट्रॉन. कोणाशी जुळायचं ते तेच ठरवतात."

मी चकित झाले. आतले दहा जन्मभर घरातच, आणि सगळी नाती त्या बाहेरच्या एकट्याच्या जिवावर!

"आणि हा शेजारचा?"

"निऑन. याचं शेवटचं कवच भरलेलं असतं, म्हणून याला कोणाची गरजच नाही. राजवायू म्हणतात." मग मान वर न करताच ती म्हणाली, "आपल्या बाबांसारखा."

माझ्या हातातली जुडी हातातच राहिली. तिचे बाबा तिथेच खुर्चीत पेपर वाचत होते. इतक्या वर्षांच्या संसारात जे बोलायला मी धजले नव्हते, ते पोरगी गृहपाठ करता करता बोलून गेली होती.

पेपर खाली आला. ते उठले, तिच्या शेजारी मांडी घालून बसले आणि म्हणाले, "क्लोरीन मी काढतो. सतरा ना?"

त्यांनी दुसऱ्या कवचात नऊ ठिपके भरले.

"बाबा, चुकलं. तिथे आठच मावतात."

आमच्या घरात त्यांना 'चुकलं' असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. त्यांनी ते ठिपके पुन्हा मोजले. मग हात पुढे करून म्हणाले, "खोडरबर दे गं."