वर कोणी बघितलं होतं

नोएल ट्रेगीर गेला त्याला आज नऊ दिवस झाले. समुद्राकाठच्या जिलाँगला, मुलीच्या घरी, खिडकीपाशी बसल्या बसल्या. मी इथेच होतो, आमच्या नदीकाठच्या गावात. वाचनालयात परत आलेली पुस्तकं कप्प्यात लावत होतो. त्या मुलीचा, केरिनचा फोन आला. तो ठेवून मी पुस्तकं लावत राहिलो. सगळी भलत्याच जागी लावली होती, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

नोएलने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. त्यातली बारा वर्षं मी त्या बसमध्ये होतो. तेव्हा त्याला मिस्टर ट्रेगीर म्हणायचो. पुढे मी मेलबर्नला साहित्य शिकलो, पदवी घेऊन गावी परतलो, आणि त्याच सुमारास त्याच्या डोळ्यांच्या मधोमध डाग पडले. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. परवाना त्याने स्वतःच नेऊन दिला. मग त्याची गाडी मी चालवायला लागलो. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "आता तू चालक आणि मी शाळकरी. नोएल म्हण."

मला तो पंडित म्हणायचा.

दर नाताळात, इथल्या ऐन उन्हाळ्यात, ट्रेगीर मंडळी नदीकाठच्या झाडीत तंबू ठोकून आठवडाभर राहत. चौतीस वर्षं, एकाच वळणावर. मग पूर आला आणि त्या वळणाची वाळू, काठ, सगळं घेऊन गेला. त्याच्या पुढच्या वर्षी नोएलची बायको लोर्ना आजारी पडली. हिवाळ्यात ती गेली.

ऑक्टोबरात केरिनने फोन केला तेव्हा मी त्याच्या स्वयंपाकघरात होतो. फोन मोठ्या आवाजावर होता.

"बाबा, ती जागाच राहिली नाही. या नाताळात तू इकडे ये. आणि सरळ राहायलाच ये. एकटा किती दिवस काढणार?"

"नवी जागा मिळाली तर याल?"

"मिळाली तर येऊ."

"आणि मी इथला इथेच राहीन?"

"ते तिथे आल्यावर बघू. तुझं नीट चाललंय असं दिसलं तर."

फोन ठेवून तो माझ्याकडे वळला. म्हणजे माझ्या कानाकडे. मी त्याला तसाच दिसायचो. "पंडित, शनिवारी काय करतोस?"

सात शनिवार आम्ही नदी पालथी घातली. पुराने चिखलवाटाही बदलल्या होत्या. एकदा गाडी रुतली, तर तो उतरून लाकडं घालता घालता म्हणाला, "विद्यापीठात हे शिकवत नाहीत ना?"

त्याची पद्धत ठरलेली होती. गाडीतून उतरलं की आधी वर बघायचं. नदीकाठच्या निलगिरीचा काही भरवसा नसतो. वारा नसतो, तापलेली दुपार असते, आणि हत्तीच्या पायाएवढी फांदी सुटून खाली येते. वर बघून झालं की खाली, मुंग्यांची वारुळं. मग पाणी, नातवंडांना उतरण्याजोगं आहे का. शेवटी लोर्नाची घडीची खुर्ची. हिरव्या कापडाची, एका हातावर चहाचे डाग. ती तो नदीकडे तोंड करून मांडायचा आणि पत्र्याच्या डब्यातला चहा संपेपर्यंत तिच्यात बसायचा.

"ऊन डोळ्यांवर येतं. ती कुरकुरली असती."

किंवा, "समोरच्या काठावर पंप आहे. दिवसभर घुरघुर. नको."

"ती आता बसणार नाहीये, नोएल," एकदा माझ्या तोंडून निघून गेलं.

"माहितेय मला. पण बसली असती तर?"

सातव्या शनिवारी ती जागा सापडली. लहानसं वळण, पांढरी वाळू, पाणी हळूहळू खोल होत जाणारं. त्याने खुर्ची मांडली. अर्धा चहा झाल्यावर बाजूच्या मोठ्या निलगिरीची सावली सरकत बरोबर त्याच्या मांडीवर आली. डबा रिकामा झाला तरी तो उठला नाही.

मग म्हणाला, "आज आधी वर बघायचं राहिलं. तू बघ रे. फांदीच्या सांध्यात चीर दिसते का, साल सुटलीय का. मला नुसतं हिरवं दिसतंय."

मी उपाशी होतो. सात शनिवार झाले होते. मान वर केली, ऊन डोळ्यांत आलं, मान खाली केली.

"साफ आहे," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

नाताळाच्या दहा दिवस आधी त्याने तिथे तंबू ठोकला. जागा धरून बसावी लागते, नाहीतर दुसरं कोणी येऊन बसतं. मी एक दिवसाआड ब्रेड, सॉसेजेस आणि बर्फ नेऊन द्यायचो. तो दाढी करून तयार असायचा. माझ्याकडून त्याने कागदी ताटल्यांवर मोठ्या अक्षरांत 'ट्रेगीर' लिहून घेतलं, खाली बाण. वाट चुकू नये म्हणून इथले लोक अशा ताटल्या झाडांना बांधतात.

तेवीस तारखेला दुपारी आम्ही त्या बांधायला फाट्यापर्यंत गेलो. पान हलत नव्हतं. शेवटच्या गाठीशी असताना नदीच्या बाजूने बंदुकीसारखा आवाज आला. मग जमीन हलल्यासारखं झालं. मग काकाकुवांचा कल्लोळ.

नोएलच्या हातात सुतळी होती. "कुठली?" त्याने विचारलं.

मी तंबूच्या वाटेला लागलो.

तंबू जागच्या जागी होता. खुर्ची नव्हती. फांदीखालून हिरव्या कापडाचा कोपरा तेवढा दिसत होता. फांदी मोडली तिथे लाकूड आतून काळं पडलेलं होतं. चीर जुनी होती. कुणालाही दिसली असती.

अर्ध्या तासात केरिनची गाडी आली, ताटल्यांवरचे बाण बघत. पोरं उड्या मारत उतरली आणि फांदीकडे धावली. तिने दोघांना दंडाला धरून मागे ओढलं. मग तिला ते कापड दिसलं.

"बाबा. आईची खुर्ची."

"हं."

"वर कोणी बघितलं होतं?"

मी तोंड उघडलं असेल. नोएलने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"मी," तो म्हणाला.

"तुला दिसत नाही, बाबा."

"हो. ते आत्ता कळलं."

कोणी हसलं नाही. ती वाळूत खाली बसली. मग म्हणाली, "पोरं असती तिथे. तू असतास." तो मान हलवत राहिला. ते सगळे त्या रात्री गावातल्या मोटेलात राहिले. मी बोलायला हवं होतं. मोटेलात, दुसऱ्या दिवशी, जानेवारीत तिने त्याचं सामान गाडीत भरलं तेव्हा. त्या दिवशी बाकीच्या ताटल्या त्याने माझ्या हातात दिल्या. "ठेव. लागतील." मी म्हणालो, "नोएल, त्या दिवशी मी…" त्याने गाडीचं दार लावून घेतलं आणि काच खाली केली. "वाट सरळ आहे, पंडित. मला पाठ आहे," म्हणाला. एवढंच.

रविवारी तो फोन करायचा. समुद्र कसा आहे, मी विचारायचो.

"एवढं पाणी, आणि कुठे जातच नाही."

एकदा म्हणाला, खिडकीतून कुंपण दिसतं. चांगलं कुंपण आहे.

काल केरिनचा पुन्हा फोन आला. या नाताळात ते सगळे येणार आहेत. त्याची आणि लोर्नाची राख नदीत सोडायची आहे. आठवडाभर राहायचं आहे, पूर्वीसारखं.

"जागा तू शोधशील का, लॅकी? बाबा म्हणायचा, पोराची नजर चांगली आहे."

मी वाचनालयाच्या मागच्या पायरीवर बसलो होतो. "केरिन, ती फांदी. वर बघायचं काम माझं होतं. त्याने मला बघायला सांगितलं होतं. मी बघितलंच नाही, साफ आहे म्हणालो."

तिच्या मागे कुठेतरी पोरं भांडत होती. एका पोराला तिने गप्प केलं.

"आम्ही त्याला घरातून उचलून आणलं, लॅकी," ती म्हणाली.

"हो."

"या वेळी नीट बघ," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

आज शनिवार आहे. ताटल्या गाडीत आहेत. खुर्ची कुठली न्यायची, ते ठरत नाहीये.